‘मस्त गं!’च्या पुढे: मैत्रिणीच्या फॅनफिक प्रेमकथेवर अभिप्राय कसा द्यावा

फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली कथा. अशा प्रेमकथेत शेवटी काय होणार, हे वाचकाला पहिल्या ओळीआधीच ठाऊक असतं. कथेच्या माथ्यावर जोडीचं नाव लिहिलेलंच असतं. त्यामुळे ‘पुढे काय होईल’ ही ओढ इथे फारशी कामाची नाही. वाचक दोनच गोष्टींसाठी थांबलेला असतो: हे जवळ कसे येतात, आणि जवळ येताना हे दोघं तेच दोघं राहतात का. अभिप्राय देणाऱ्याने या दोन गोष्टींवर नजर ठेवली तर निम्मं काम झालं. बाकीचे ऱ्हस्व-दीर्घ नंतर.

पुढच्या उदाहरणांसाठी एक कल्पित मालिका धरू. नायिका शर्वरी, कडक स्वभावाची पीएसआय. नायक निखिल, ठाण्यात नौपाड्याच्या एका जुन्या चाळीत खानावळ चालवणारा. मालिकेत दोघांची नुसती जुगलबंदी आहे. तुमच्या मैत्रिणीने त्यांची प्रेमकथा लिहायला घेतली आहे आणि खर्डा तुमच्याकडे आला आहे.

फाइल उघडण्याआधी

आधी तिला चार गोष्टी विचारा. पहिली, हा कितवा खर्डा? पहिल्या खर्ड्यावर वाक्यरचना तपासत बसण्यात अर्थ नसतो, कारण तो अख्खा प्रसंगच उद्या कापला जाऊ शकतो. दुसरी, आधीची प्रकरणं लोकांसमोर गेली आहेत का? गेली असतील तर ‘पहिल्याच भागात त्यांची भेट वेगळी हवी होती’ हे सांगून काही हाती लागत नाही. जे छापून झालं त्याला धरून पुढे काय सावरता येईल तेवढंच बोला. तिसरी, मूळ कथेला फाटा कुठून फोडला आहे? म्हणजे मालिकेतल्या कोणत्या घटनेपर्यंत सगळं तसंच आहे आणि कुठून तिचं सुरू होतं. ही कथा पूर्ण एयू (अल्टरनेट युनिव्हर्स: पात्रं तीच, जग वेगळं) असेल, म्हणजे शर्वरी इथे पोलीस नसून ऐरोलीच्या आयटी कंपनीत असेल, तर तुमच्या तपासणीची फूटपट्टीच बदलते. चौथी, तिला नेमकं काय हवं आहे? ‘कंटाळवाणं होतंय का’ आणि ‘निखिल निखिल वाटतोय का’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्यांची वाचनंही वेगळी.

आणि एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगायची. मूळ मालिका पाहिलेली नसेल तर तसं सांगा. उलट तुम्हाला ही जोडीच पटत नसेल, तुमच्या मते शर्वरीचं त्या दुसऱ्या इन्स्पेक्टरशी जमायला हवं होतं, तर सरळ नकार द्या. ‘मी या जोडीची नाही गं, दुसऱ्या कोणाला तरी दाखव’ असं म्हणण्यात वाईट काही नाही. नावडत्या जोडीवर दिलेला अभिप्राय कितीही सभ्य शब्दांत असला तरी आतून वाकडाच येतो.

दोन वाचनं

पहिलं वाचन लोकलमध्ये चालेल. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने साधारण अर्धा तास लागतो, तेवढ्यात अडीच हजार शब्दांचं प्रकरण आरामात वाचून होतं. या वाचनात टिपणं काढू नका, फक्त वाचा. संपल्यावर फोन खाली ठेवा आणि मजकुराकडे न बघता तीन ओळी लिहा: काय आठवतंय, कुठे डोळे नुसते ओळींवरून घसरले, आणि या प्रकरणात शर्वरीला काय हवं होतं नि निखिलला काय. तिसऱ्याचं उत्तर सुचलं नाही, तर प्रकरणातली सगळ्यात मोठी अडचण सापडली असं समजा. गोड संवाद भरपूर असतात, पण कोणालाच काही हवं नसतं. मग प्रसंग नुसता तरंगत राहतो.

दुसरं वाचन बसून, गूगल डॉक्समध्ये, शेरे लिहीत. तिची वाक्यं स्वतः दुरुस्त करू नका. फक्त बाजूला शेरा लिहा. चार-पाच वाक्यं तुम्ही ‘नीट’ केलीत की त्या परिच्छेदात तुमचा आवाज शिरतो, आणि तो कुठून आला हे तिलाही नंतर कळत नाही. अडीच हजार शब्दांना आठ-दहा शेरे पुरे. त्यातले निदान तीन जे जमलंय त्याबद्दल हवेत, का जमलंय तेही सांगून. मोठे मुद्दे दोनच. सव्वीस शेऱ्यांची फाइल उघडली की माणूस ती वाचत नाही, बंद करतो.

‘ती असं करणार नाही’ म्हणण्याआधी

फॅनफिकवरचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात आळशी शेरा म्हणजे ‘ओओसी वाटतंय’, म्हणजे पात्र स्वतःच्या स्वभावाबाहेर वागतंय. असं वाटलं तर मूळ मालिकेतला एक प्रसंग पुरावा म्हणून समोर ठेवा. ‘दुसऱ्या प्रकरणात शर्वरी निखिलसमोर रडते. मालिकेत तिची बदली होते तेव्हाही ती बाहेर येऊन आधी गाडीची काच पुसते, मग बोलते.’ असा प्रसंग आठवत नसेल तर तो तुमचा पूर्वग्रह असू शकतो. किंवा तो फॅनॉन असेल: मालिकेत कधीच नव्हतं, पण चाहत्यांनी शंभर कथांमधून इतक्यांदा लिहिलं की खरं वाटायला लागलं. निखिलला मांजरांची भीती वाटते हे मालिकेत आहे, की कुणीतरी लिहिलं आणि सगळ्यांनी उचललं? लेखिकेला फॅनॉन पाळायचं बंधन नाही.

पुरावा सापडला तरी ‘रडणं काढून टाक’ हा उपाय क्वचितच बरोबर असतो. पात्रं बदलावीत म्हणूनच तर प्रेमकथा लिहितात. प्रश्न असा विचारा: तिला रडू येण्याइतकं त्याआधी काय घडलं? बहुतेक वेळा लेखिकेच्या डोक्यात कारण असतं, ते कागदावर उतरलेलं नसतं. मधे अर्ध्या पानाचा प्रसंग घातला की तेच रडणं चालून जातं.

आच किती, कुठे

स्लो बर्न म्हणजे मंद आचेवरचं प्रेम, असं सगळे म्हणतात. पण आच मंद आहे की गॅसच बंद झालाय, हे नुसतं वाचून कळत नाही. त्यासाठी एक कागद घ्या. प्रकरणांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: या प्रकरणाअखेर ते दोघं आधीपेक्षा कशाने जवळ किंवा लांब आहेत? ‘त्याने डबा पाठवला, तिने रिकामा डबा धुऊन परत केला.’ ‘तिने त्याला पहिल्यांदा खोटं सांगितलं.’ बारा प्रकरणांच्या कथेत तीन ते सहा या ओळींपुढे जर तीच नजरानजर, तोच स्पर्श होता होता राहणं असेल आणि सातव्यात एकदम कबुली, तर तो कागद तिला जसाच्या तसा पाठवा. ‘मधे रेंगाळतं’ या शब्दांपेक्षा तो कागद जास्त बोलतो.

रेंगाळण्याचं कारण बहुतेक वेळा अडथळ्यात असतं. बदली, अपघात, निखिलची आई, जुनी मैत्रीण अचानक अमेरिकेतून येणं: हे सगळे बाहेरचे अडथळे. एक गेला की लेखिकेला दुसरा आणावा लागतो, आणि कथेचं वेळापत्रक होतं. आतला अडथळा एकच पुरतो. शर्वरी कुणाचे उपकार घेत नाही, आणि निखिल प्रेम दाखवतो ते खायला घालून: यातून चार प्रकरणं सहज निघतात. गैरसमजासाठी एक साधी कसोटी लावा: हा गैरसमज एका फोनने सुटला असता का? सुटला असता, तर त्यांनी फोन का केला नाही याचं स्वभावातलं उत्तर कथेत हवं. ‘फोन स्विच ऑफ होता’ हे उत्तर एकदाच चालतं.

मॅडम, तुम्ही, तू

मराठी प्रेमकथेवर अभिप्राय देताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण इथली चूक इंग्रजी वाचून तयार झालेल्या लेखिकेच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे जवळीक संबोधनात घडते. निखिल तिला आधी ‘मॅडम’ म्हणेल, मग ‘शर्वरी मॅडम’, मग कधीतरी नुसतं ‘शर्वरी, तुम्ही’, आणि खूप नंतर ‘तू’. ही प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रसंग आहे. ‘तुम्ही’चं ‘तू’ होण्याचा क्षण पहिल्या चुंबनापेक्षा मोठा असू शकतो. आणि खर्ड्यात तो बहुतेक वेळा अपघाताने होतो: तिसऱ्या प्रकरणात ‘तुम्ही’, चौथ्यात ‘तू’, पाचव्यात भांडताना पुन्हा ‘तुम्ही’, आणि लेखिकेला पत्ताच नाही.

म्हणून एक रंग घ्या आणि त्या दोघांमधलं प्रत्येक संबोधन रंगवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग बदल जिथे होतो तिथे शेरा लिहा: ‘इथे तो पहिल्यांदा तिला तू म्हणतो. मुद्दाम आहे का? मुद्दाम असेल तर तिच्या लक्षात आलेलं दिसू दे. नसेल तर वरचा तुम्ही इथेही ठेव.’ भांडणात परत ‘तुम्ही’वर जाणं हे फार सुंदर हत्यार आहे, पण ते हत्यार आहे हे तिला कळायला हवं. तसंच ‘अगं’, ‘अरे’, ‘अहो’. निखिलने चिडवायला ‘अहो’ म्हणावं आणि तिने लाजण्याऐवजी लायसन्स मागावं, हे शर्वरीला शोभतं. आणि प्रेम जुळल्यावरही तो तिला लाडाने ‘मॅडम’च म्हणत राहिला तर? तोच शब्द, अर्थ वेगळा. मराठी वाचक अशा जागी पाघळतो.

कबुलीच्या वाक्याकडेही बघा. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण किती माणसं प्रत्यक्षात असं बोलतात? ‘आवडतेस तू मला’, ‘तुझ्याशिवाय करमत नाही’, किंवा नुसतं ‘जेवलीस का?’ लेखिकेला वाक्य सुचवू नका. एवढंच विचारा: निखिलच्या तोंडून हे मोठ्याने वाचल्यावर कसं वाटतं?

वाक्यांच्या पातळीवर

इथे भराभर जायचं. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात, पण चार गोष्टी आधीच दाखवायला हरकत नाही.

अनुवादित शरीरं. ‘आपण श्वास रोखून धरलाय हे तिला माहीतच नव्हतं, तो तिने सोडला’ हे वाक्य जगभरच्या फॅनफिकमध्ये इतकं फिरलंय की त्याची चेष्टा होते. खालचा ओठ चावणं, भुवई उंचावणं, डोळे फिरवणं, जबडा आवळणं: एका प्रकरणात यातली किती आहेत ते मोजा आणि आकडा सांगा. ‘भुवई सात वेळा उंचावली आहे’ हा शेरा कुणालाही दुखवत नाही आणि लगेच दुरुस्त होतो. तिच्या जागी काय येईल? गजरा नीट करणं, ओट्यावरचं काल्पनिक पाणी पुसणं, टोपी काखेत धरणं. पण ते तिचं तिला शोधू द्या.

‘केलं’ की ‘केले’. निवेदनात एकाच परिच्छेदात ‘तिने दार उघडलं’ आणि ‘त्याने ते बंद केले’ अशी सरमिसळ असेल तर दाखवून द्या. दोन्ही रीती चालतात, फक्त एक निवडायची. संवादात मात्र बोलीच हवी.

नजर कुणाची. प्रसंग शर्वरीच्या मनातून चालला असेल तर ‘निखिलला वाटलं’ हे तिला कळणार कसं? अशी उडी दिसली की ते वाक्य अधोरेखित करा आणि एवढंच लिहा: ‘आपण इथे कुणाच्या डोक्यात आहोत?’

दोन ‘तो’. जोडी दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची असेल तर सर्वनामं गुंततात. ‘त्याने त्याचा हात त्याच्या हातात घेतला’ यात किती हात आहेत हे देवच जाणे. मराठीत ‘आपला’ हा शब्द त्यासाठीच आहे: ‘समीरने आपला हात त्याच्या हातात दिला.’ काही लेखिका नावं टाळायला ‘उंच तरुण’, ‘घाऱ्या डोळ्यांचा’ अशी बिरुदं लावतात. त्यापेक्षा नाव पुन्हा आलेलं बरं.

ठाण्यात घडणाऱ्या पोलीसकथेत एक जास्तीची गंमत आहे. ‘शर्वरी ठाण्यात पोहोचली’ म्हणजे शहरात की पोलीस ठाण्यात? ‘स्टेशनवर भेटू’ म्हणजे फलाटावर की चौकीत? अशा जागा हमखास निसटतात.

गाव तपासताना

इथली वाचकमंडळी बाकी काहीही माफ करतील, लोकल चुकलेली माफ करणार नाहीत. वाशीची गाडी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटते, एक नंबरवरून नाही. संध्याकाळी सातला कल्याणच्या गाडीत दोघांना शेजारी-शेजारी खिडकी मिळाली असेल तर ती प्रेमकथा नसून परीकथा आहे. लेडीज डब्यात निखिल कसा, हेही विचारा. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या सुमारास निघतात. ऑगस्टच्या सरीत त्यांच्यासमोर कबुली दिली तर एखादा पक्षीवेडा नक्की लिहून कळवेल. गडकरी रंगायतन तलावपाळीच्या काठावरच आहे, तिथून तलावपाळीला जायला रिक्षा लागत नाही. असे मुद्दे एका यादीत, सगळ्यात शेवटी. मोठ्या मुद्द्यांत मिसळले तर लेखिका तेच आधी दुरुस्त करते, कारण ते सोपे असतात.

जवळिकीचे प्रसंग

इथे शब्द जपून वापरायचे, पण टाळायचं नाही. तीन गोष्टी बघा. कथेवर लावलेलं रेटिंग, म्हणजे ती कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे ते, आणि प्रसंग जुळतात का. दोघांची इच्छा कृतीतून दिसते का, विशेषतः एकजण दारू प्यायलेला, नोकरीत वरचा किंवा रागावलेला असेल तर. शर्वरीने वर्दीत, चौकशी चालू असताना निखिलला जवळ ओढलं, तर तो प्रणय न राहता दुसरंच काही होतं, आणि हे लेखिकेला स्पष्ट सांगायला हवं. तिसरी गोष्ट तांत्रिक: कोण कुठे आहे. उभे होते ते बसले कधी? हात मोजा. तिसरा हात सापडतोच.

पात्रं शाळकरी वयाची असतील तर असले प्रसंग नकोत, एवढंच सांगून थांबा. यावर चर्चा नाही. आणि कथा पात्रांवरून घसरून ती पात्रं करणाऱ्या खऱ्या नटनट्यांच्या खासगी आयुष्याकडे जात असेल, तर तेही तिथेच सांगा. शर्वरी कल्पित आहे, तिची भूमिका करणारी बाई खरी आहे आणि तिला घर आहे.

शेरा कसा लिहायचा

चांगल्या शेऱ्यात जागा असते, वाचताना तुमचं काय झालं ते असतं, आणि त्याचं कारण असतं. उपाय असलाच तर शेवटी, प्रश्नाच्या रूपात. ‘मधला भाग बोअर’ याऐवजी असं लिहा: ‘खानावळीतल्या जेवणाच्या प्रसंगात तिसऱ्या पदार्थापासून मी ओळी गाळायला लागले. वर्णन छान आहे, पण तोवर दोघांत काहीच बदललेलं नाही. तिने यातला एखादा पदार्थ नाकारला तर?’

आणि जमलेल्या जागेवर: ‘रिकामा डबा धुऊन परत करते ते फार आवडलं. आभार न मानता मानलेत, तिच्या स्वभावाला धरून.’ नुसत्या ‘हाय, मेले मी!’ने आनंद होतो, पण पुढच्या प्रकरणात तेच पुन्हा कसं करायचं हे कळत नाही. (तरी ‘मेले मी’ पण लिहाच. तेही लागतं.)

शेरे पाठवताना वर चार ओळींचं पत्र जोडा: काय आवडलं, दोन मोठे मुद्दे, बाकी बारीकसारीक खाली आहे. हे व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटवर नको. अकरा मिनिटांची नोट परत ऐकून त्यातला मुद्दा शोधणं म्हणजे शिक्षा आहे. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर शेरे पाठवल्यावर दोन दिवस जाऊ द्या, मग भेटा, पाऊण तास पुरतो. तलावपाळीचा कट्टा चांगला, पण तिथे तिच्या कथेतला चुंबनाचा प्रसंग मोठ्याने वाचू नका. शेजारच्या बाकावर ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरलेला असतो आणि ते कान देऊन ऐकतात.

भेटीत पहिली दहा मिनिटं तुम्ही बोलायचं, तिने फक्त लिहून घ्यायचं. ‘अगं पण पुढच्या भागात कळतंच ना’ हे सुरू झालं की थांबवा. वाचकाच्या शेजारी बसून ती हे समजावणार नाहीये. मग तिची पाळी. तुमच्या दहातले चार शेरे तिने घेतले तर छान. जे सोडले त्यांचा हिशेब विचारू नका. दुसरा खर्डा आला की तिने विचारलेल्या जागाच तपासा, नव्याने खोदकाम नको.

फाइल पुढे पाठवायची नाही, त्यातल्या ओळींचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचे नाहीत, ‘किती गोड लिहिलंय बघ’ म्हणूनसुद्धा नाही. बऱ्याच जणी टोपणनावाने लिहितात आणि ऑफिसात, सासरी ते कुणाला माहीत नसतं. कथेच्या शेवटी बीटा रीडर, म्हणजे खर्डा आधी वाचून अभिप्राय देणारी, म्हणून तुमचं नाव द्यायचं असेल तर कोणतं द्यायचं, हे आधीच ठरवून टाका.